कटआउट तीनदा बदललं, तरी बॅटरी उकळतेच

साताऱ्याहून परत येताना खंबाटकीच्या बोगद्यात उजवा हेडलाइट गेला. बल्बच तो, कधीतरी जाणारच, म्हणून सोडून दिलं. चार दिवसांनी डावा गेला. मग ब्रेकलाइट, मग मीटरमागचा छोटा बल्ब. एका रविवारी बॅटरीत पाणी घालायला बॉनेट उघडलं तर कुजक्या अंड्यासारखा वास आला. झाकणांभोवती ओल होती, पॉझिटिव्ह टर्मिनलवर निळसर-पांढरा थर चढला होता आणि पाणी प्लेटांच्या खाली गेलं होतं. ते मी तीनच आठवड्यांपूर्वी काठोकाठ भरलं होतं.

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११०० ची वंशज. मुंबईतली याच जातीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली. माझी मात्र पुण्यात अजून रोज चालते. मागच्या मालकाने बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून त्याच कामाचा अल्टरनेटर बसवला होता आणि त्याचं रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा, वेगळं, बॉनेटखाली पत्र्यावर बोल्टने घट्ट केलेलं. गॅरेजमध्ये त्याला कुणी रेग्युलेटर म्हणत नाही. सगळे कटआउटच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

इंजिन रेसमध्ये ठेवून बॅटरीवर मीटर लावला तर १५.७ व्होल्ट. वायरमनकाकांनी आकडा बघितला न बघितला आणि निकाल दिला, "साहेब, कटआउट गेलंय. दुसरं काय असणार?" नवीन बसवलं. १५.७. तो पीस खराब असेल म्हणून दुसऱ्या दुकानातून आणलं. १५.६. तिसरं आणलं ते भारीतलं होतं, तरी १५.७. यात आठ महिने गेले, एक बॅटरी गेली, बल्ब किती गेले ते मोजणं मी सोडून दिलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा सगळा प्रकार होता, पण ते कळायला माझा मी मीटर घेऊन बसावं लागलं.

आकडा किती असावा?

बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे सहा सेल. पूर्ण भरलेली, काही तास शांत ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ योग्य. थंडीतल्या सकाळी स्टार्ट केल्या केल्या १४.६-१४.७ दिसलं तर लगेच घाबरू नका, दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून पुन्हा बघा. बॅटरी आणि कटआउट गरम झाल्यावर आकडा थोडा खाली यायला हवा.

एका सेलला २.४ व्होल्टच्या आसपास, म्हणजे पूर्ण बॅटरीला १४.४ च्या पुढे, पाण्याचं विघटन जोरात सुरू होतं आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बुडबुडे होऊन निघतात. १५ च्या वर सतत राहिलं की बॅटरी उकळते म्हणतात ते हेच. मे महिन्यात बॉनेटखालची हवा तापलेली असते, तेव्हा त्याच व्होल्टेजला जास्त गॅस सुटतो. हिवाळ्यात जी गाडी कशीबशी चालून गेली तिची बॅटरी उन्हाळ्यात मरते, त्याचं कारण हे. आणि बल्ब? व्होल्टेज नुसतं पाच टक्क्यांनी वाढलं तरी साध्या फिलामेंटच्या बल्बचं आयुष्य जवळपास अर्ध्यावर येतं. रेस दिली की हेडलाइट पांढरे शुभ्र होतात आणि लोक खूश होतात. मीही झालो होतो.

डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यावर मात्र विसंबू नका. चार्जिंग होत नसेल तर तो पेटतो. जादा होत असेल तर बहुतेक जुन्या गाड्यांत तो निवांत विझलेला असतो.

हे सगळं जुन्या गाड्यांपुरतं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे कधी साडेबारा तर कधी १५ दिसणं हा बिघाड असेलच असं नाही.

आधी मीटरवर संशय घ्या

हे सांगायला लाज वाटते, पण पहिला दीड तास माझा यातच गेला. स्वस्त डिजिटल मल्टिमीटरच्या आतली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की तो कमी नाही, उलट जास्त आकडा दाखवायला लागतो. माझ्या मीटरने बंद गाडीची बॅटरी १४.१ दाखवली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मीटरचा सेल बदलला, घड्याळाचा नवा कोरा सेल मोजून १.६ च्या आसपास येतंय ना ते पाहिलं आणि मग पुढे गेलो. गाडीचं १५.७ मात्र खरंच होतं, ते तसंच राहिलं.

दुसरी गोष्ट, ठिणगीसाठी कॉन्टॅक्ट पॉइंट आणि प्लगपर्यंत जाणाऱ्या, तांब्याच्या तारेच्या जुन्या एचटी केबल असलेल्या गाडीत ठिणगीचा विद्युत-गोंगाट इतका असतो की डिजिटल मीटरचे आकडे नाचतात. मीटर आणि त्याच्या वायरी कॉइल व डिस्ट्रिब्युटरपासून लांब धरा. काटेवाला जुना मीटर घरात पडला असेल तर अशा कामाला तोच बरा.

बॅटरीशी काम करताना विडी-सिगारेट नको, टर्मिनलजवळ ठिणगी नको, डोळ्यांवर चष्मा हवा. उकळणाऱ्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो आणि तो खरोखर भडकतो. सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकून पाण्याने धुवायचं. सेलमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. आम्ल घालायचं नाही, कारण उकळून पाणी उडालेलं असतं, आम्ल आतच राहिलेलं असतं.

आणि एक सवय सोडा. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल उपसायचं आणि गाडी बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग ओके, ही परीक्षा डायनामोच्या जमान्यातली आहे. अल्टरनेटरवर हे केलं की बॅटरीचा आधार अचानक जातो, व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळतं आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), कटआउट, टेपरेकॉर्डर, जे सापडेल ते जातं. आमच्या काकांनी हे दोनदा केलं. माझं नशीब थोर, दोन्ही वेळा फक्त घड्याळ गेलं.

कटआउट नेमकं काय करतं

अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या रोटरवर फील्डची कॉइल असते. तिला तिच्यावर घासणाऱ्या दोन कार्बनमधून (ब्रशमधून) तीन-एक अँपिअरपर्यंत करंट मिळतो. फील्डला जितका करंट जास्त, तितकं आउटपुट जास्त. कटआउटचं काम एवढंच, की व्होल्टेज मोजायचं, ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की फील्ड तोडायचं, खाली आलं की जोडायचं. हे ते सेकंदाला कितीतरी वेळा करतं.

आता कळीचा मुद्दा. कटआउट बॅटरीचं व्होल्टेज मोजत नाही. ते स्वतःच्या प्लसच्या टर्मिनलवर आणि स्वतःच्या अर्थवर, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या वाटेवर, जे पोचलंय ते मोजतं. पंगतीत वाढणाऱ्याला दाराआडून एकच पान दिसत असेल आणि ते रिकामं असेल, तर बाकीच्यांची पानं ओसंडून वाहिली तरी तो वाढतच राहणार. माझ्या गाडीत प्लस इग्निशन स्विचमधून फिरून येत होता आणि अर्थ पत्र्यातून. या दोन वाटांवर जे व्होल्टेज गळतं तेवढं कटआउटला कमी दिसतं आणि तेवढंच ते बॅटरीला जादा देतं. कटआउट १४.२ चं असेल आणि वाटेत दीड व्होल्ट गळत असेल, तर बॅटरीवर १५.७. कटआउट नवं असो, जुनं असो, सोन्याचं असो.

म्हणजे माझ्या तिन्ही कटआउटनी आपापलं काम चोख केलं होतं.

हे ओळखायची एक खूण आहे, ती मला तेव्हाच दिसली होती, पण वाचता आली नाही. पावसात वायपर चालू केला की चार्जिंगचं व्होल्टेज वाढायचं, १५.७ चं १६.१ व्हायचं. खरं तर लोड टाकल्यावर ते किंचित खाली यायला हवं किंवा तिथेच राहायला हवं. वायपर आणि कटआउट दोन्ही एकाच इग्निशनच्या तारेवर होते. वायपर चालला की त्या तारेत जास्त करंट, जास्त गळती, कटआउटला आणखी कमी दिसलं, त्याने आणखी ढकललं. लोड टाकल्यावर व्होल्टेज वाढत असेल तर नवं कटआउट आणायला जाऊ नका.

फील्डची तार काढून बघा

मोजमापाच्या आधी दोन मिनिटांची एक परीक्षा. इंजिन बंद करा, कटआउटवरची फील्डची तार काढा, तिचं टोक कशालाही लागणार नाही असं टेपने गुंडाळा, इंजिन चालू करा, हळू रेस द्या आणि बॅटरीवर मोजा.

व्होल्टेज साडेबारापर्यंत खाली आलं तर अल्टरनेटर आणि फील्डची तार निर्दोष. गडबड कटआउटमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या प्लस-अर्थमध्ये. फील्ड काढूनही १५-१६ येत असेल, तर फील्डला दुसरीकडूनच करंट मिळतोय. माझ्यासारख्या व्यवस्थेत, जिथे कटआउट फील्डला अर्थ देतं, तिथे फील्डची तार कुठेतरी सोलून बॉडीला टेकलेली असते किंवा कार्बनच्या होल्डरमध्ये अर्थ झालेलं असतं. काही गाड्यांत उलटं असतं, कटआउट फील्डला प्लस देतं. तिथे हीच तार शेजारच्या प्लसच्या तारेशी वितळून चिकटलेली सापडेल. एक्झॉस्टजवळून जाणारं वायरिंग आधी बघा.

माझ्या गाडीत फील्ड काढल्यावर १२.५ आलं.

एवढ्यात कटआउटच्या डब्यावर १२ लिहिलंय की २४ तेही वाचून घ्या. ट्रक-बसचे २४ व्होल्टचे पीस शेजारीच ठेवलेले असतात. २४ चं कटआउट १२ च्या गाडीत बसलं तर ते फील्ड कधी तोडणारच नाही, कारण त्याच्या हिशेबी बॅटरी जन्माची उपाशी.

गळती मोजणं

आता खरं काम. यात मीटर नेहमीसारखा प्लस-मायनसला लावायचा नाही. एकाच वाटेच्या दोन टोकांना लावायचा. इंजिन चालू, साधारण दोन हजारच्या रेसवर, दिवे आणि वायपर बंद. डीसी २० व्होल्टची रेंज.

आधी प्लसची बाजू. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, आणि तीही तारेच्या टोकाच्या थिंबलवर (धातूच्या टोपीवर) नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर. काळी पिन कटआउटच्या प्लस टर्मिनलवर. आदर्श आकडा शून्य, ०.१ पर्यंत चालेल, ०.२ च्या वर गेला तर शोध घ्यावा. माझा आकडा १.१.

मग अर्थची बाजू. लाल पिन कटआउटच्या लोखंडी तळावर, काळी बॅटरीच्या मायनस खुंटीवर. इथे ०.०५ च्या आत हवं. माझा आकडा ०.४.

१.१ आणि ०.४ मिळून १.५. कटआउटच्या स्वतःच्या प्लस आणि तळावर मोजलं तर १४.२. त्यात दीड मिळवा, १५.७. आठ महिने जे कोडं होतं ते कागदावर बेरजेने सुटलं. वायपर चालू करून पुन्हा मोजलं तर प्लसच्या बाजूचं १.१ चं दीड झालं होतं. १६.१ चा हिशेबही जुळला.

यापुढे फक्त वाट तुकड्यातुकड्याने मोजायची. बॅटरी प्लसपासून इग्निशन स्विचच्या आतल्या बाजूपर्यंत ०.२. स्विचच्या आत-बाहेर ०.६. म्हणजे मुख्य गुन्हेगार स्विच. अर्धा तास गाडी चालवून डॅशबोर्डखाली हात घातला तर स्विच चांगलाच कोमट लागला. आतले कॉन्टॅक्ट अडतीस वर्षं चावी फिरवून झिजलेले. स्विचपासून कटआउटपर्यंत उरलेले ०.३, आणि ते जवळजवळ सगळे एका जोडात होते. तांब्याच्या तारेला पीळ मारून वर टेप गुंडाळलेला जोड. टेप काढला तर तार हिरवी.

अर्थची गंमत वेगळीच. हे ०.४ आले कुठून? तारखा आठवत बसलो तेव्हा ध्यानात आलं की सगळा त्रास गाडी रंगवून आणल्यानंतर सुरू झाला होता. रंगवताना कटआउट काढलं, पत्र्याला प्रायमर, पुट्टी, रंगाचे दोन हात झाले आणि त्या गुळगुळीत रंगावरच कटआउट पुन्हा बोल्टने घट्ट केलं. तळाला पत्रा लागतच नव्हता. अर्थ मिळत होता तो बोल्टच्या आट्यांतून, कसाबसा. रंगाच्या दुकानाला दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी गाडी झकास रंगवली. कटआउटचा तळ ही करंटची वाट आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तीन वेळा कटआउट बदलताना काकांनी आणि मी मिळून तीनही नवी कटआउट त्याच रंगावर बसवली होती. रंगकामाआधी स्विच थोडा कमी झिजलेला असेल, अर्थ चांगला होता, तेव्हा १४.८-१४.९ वर गाडी रडतखडत चालली असणार. मी मोजलंच नव्हतं.

दुरुस्ती

अर्थ आधी घेतला कारण तो फुकट होता. कटआउट काढून खालच्या पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, तळही घासला, बोल्टखाली दातेरी वॉशर घातला, घट्ट केल्यावर वरून थोडं ग्रीस फिरवलं म्हणजे गंज धरणार नाही. शिवाय तळापासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत एक वेगळी जाड तार टाकली. ०.४ चे ०.०२ झाले. बॅटरीवर १५.३.

इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली अर्थची पट्टी पण बघा. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने ती आतून भुसभुशीत होते आणि बाहेरून ठीक दिसते. माझी ठीक होती, पण टोकं घासून घेतली.

मग टेपचा तो जोड कापला, थिंबल दाबून नवा कनेक्टर लावला. १५.०.

स्विच नवा टाकावा असा मोह झाला. पण नवा मिळतो तो कसा निघेल सांगता येत नाही आणि तोही झिजणारच. म्हणून रिले, म्हणजे लहान करंटने चालणारा विजेचा स्विच, लावला. दिव्यांना, हॉर्नला लावतात तोच चार पायांचा, ३० अँपिअरचा. बॅटरीच्या प्लसपासून जाड तार, बॅटरीच्या अगदी जवळ १० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला. ८७ नंबरपासून तार कटआउटच्या प्लसला आणि फील्डच्या प्लसला. पूर्वी इग्निशनची जी तार कटआउटला जात होती ती आता रिलेच्या ८६ ला, आणि ८५ अर्थला. चावी फिरवली की जुनी तार फक्त रिलेची कॉइल ओढते, त्याला करंट लागतो नगण्य, स्विचवर भार पडत नाही. कटआउटला बॅटरीचं व्होल्टेज थेट दिसतं. प्लसच्या बाजूची गळती १.१ वरून ०.०५ वर आली.

बॅटरीवर १४.२७. वायपर चालू केला, १४.२५. दिवे लावले, १४.२. पहिल्यांदाच लोड टाकल्यावर आकडा खाली गेला. मी तिथेच बॉनेटला टेकून दोन मिनिटं आकडा बघत उभा राहिलो, शेजारच्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

रिलेऐवजी बॅटरीपासून थेट तार का नाही, असं काकांनी विचारलं. थेट दिली तर चावी बंद असतानाही फील्डमध्ये करंट वाहत राहील आणि दोन रात्रींत बॅटरी सपाट होईल. रिले लावल्यावर एक गोष्ट मात्र तपासाच. चावी बंद केल्यावर इंजिन लगेच बंद होतंय ना? डायनामो काढून अल्टरनेटर बसवलेल्या गाड्यांत चार्जिंगच्या दिव्याच्या वाटेने उलटा करंट येऊन रिले धरून ठेवू शकतो आणि गाडी बंदच होत नाही. तसं झालं तर दिव्याच्या तारेत एक डायोड घालावा लागतो, अल्टरनेटरकडे करंट जाईल पण परत येणार नाही अशा दिशेने.

तुमच्या गाडीत वेगळं काही असेल तर

अजून डायनामोच असेल तर कटआउटच्या डब्यात बॉबिन (तारेचं वेटोळं) आणि कॉन्टॅक्ट असतात. कॉन्टॅक्ट जळून एकमेकांना चिकटले की फील्ड सतत चालू राहतं आणि व्होल्टेज वर जातं. ते साफ करता येतात. पण स्प्रिंगचा स्क्रू फिरवून आकडा खाली आणायचा मोह आवरा, आधी वरची गळतीची मोजणी करा. शिवाय जुन्या पुस्तकात १५-१६ व्होल्टचं सेटिंग दिलेलं दिसलं तर दचकू नका. काही कटआउटचं ते सेटिंग बॅटरीची तार सोडवून, उघड्या सर्किटवर मोजायचं असतं. बॅटरी जोडलेली असताना तो आकडा योग्य नव्हे.

मारुती ८०० किंवा तिच्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटात असतं. तिथे बाहेरचं फारसं काही मोजता येत नाही. पण सेन्सची, म्हणजे रेग्युलेटरला व्होल्टेज दाखवणारी, वेगळी तार असेल तर तिची गळती वरच्यासारखीच बघा, आणि अल्टरनेटरच्या बॉडीचा इंजिनशी व बॅटरीशी अर्थ बघा. दोन्ही ठीक आणि तरी १५ च्या वर असेल, तर मात्र रेग्युलेटरच गेलंय, खुशाल बदला.

व्होल्टेज १४.२ च आहे आणि तरी बॅटरी उकळतेय, असाही प्रकार असतो. तेव्हा हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल मोजा. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल मेला. उरलेल्या पाचांवर सगळं व्होल्टेज पडतं आणि तेच उकळतात. तिथे अल्टरनेटरचा काही दोष नाही, बॅटरीच बदलायची.

डायोड गेला असेल अशी शंका आली तर मीटर एसीवर टाकून बॅटरीवर मोजतात, अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर संशय घ्यायचा. पण सर्वात स्वस्त मीटर एसीच्या रेंजवर डीसीलाही एसी समजून पंचवीस-तीस असा काहीतरी आकडा दाखवतात. पिना उलटसुलट करून बघा. एका बाजूला मोठा आकडा आणि दुसऱ्या बाजूला शून्य आलं, तर तो मीटर या कामाचा नाही.

रस्त्यात अडकलात तर

घाटात मध्येच लक्षात आलं की चार्जिंग १६ च्या वर गेलंय आणि बॅटरी फसफसतेय, तर कटआउट बाहेर असलेल्या गाडीत फील्डची तार काढा, टेप लावा आणि नुसत्या बॅटरीवर घरी या. कॉइल-पॉइंटवाल्या साध्या पेट्रोल गाडीला इग्निशनपुरता चार-एक अँपिअर करंट पुरतो. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आणि धडधाकट असेल तर दिवसाउजेडी चार तास निघतात, दिवे, वायपर आणि टेपरेकॉर्डर न लावता. मधे गाडी बंद करू नका, स्टार्टर एका झटक्यात बरंच खाऊन जातो. फॅन बेल्ट मात्र काढू नका. अल्टरनेटर थांबवायला म्हणून बेल्ट काढलेला मी पाहिला आहे, त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असतो, आणि मग बॅटरीऐवजी इंजिन उकळतं.

ड्रॉवरमध्ये माझ्याकडे काढून ठेवलेली तीन कटआउट होती, पहिलं मूळचं धरून. सगळं नीट झाल्यावर एका रविवारी ती एकेक करून लावून बघितली. १४.१, १४.२ आणि १४.१. मूळचं परत बसवलं, भारीतलं आता डिकीत स्पेअर आहे. काकांना आकडे दाखवले तर ते म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलं रंग मारलाय म्हणून?" रिलेच्या शेजारी पत्र्यावर मी कागदाची चिठ्ठी लॅमिनेट करून चिकटवली आहे: हा रिले चार्जिंगचा आहे, काढू नये. पुढच्या वेळी रंगाला गाडी देईन तेव्हा कटआउटखालच्या पत्र्यावर आधी मास्किंग टेप मीच लावून देणार आहे.